ओहिप, मेडिकेअर आणि बांबोळीची खिडकी

बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, नोंदणीच्या खिडकीवर एकामागे एक दोन माणसं उभी असतात. एक महाराष्ट्रातल्या दोडामार्गचा, दुसरा गोव्यातल्या डिचोलीचा. बोली जवळपास तीच, दुखणं तेच, तपासणारा डॉक्टरही तोच. पण २०१८ च्या जानेवारीत गोवा सरकारने राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं आणि त्या खिडकीवर आधी कागद बघायची पद्धत पडली. दोडामार्गात त्यावरून आंदोलन झालं, ते सिंधुदुर्गातले लोक अजून विसरलेले नाहीत.

हे इथे सांगायचं कारण वेगळं आहे. चवथीला टोरंटोची आणि न्यू जर्सीची मंडळी घरी आली की सोप्यावर एक वाद हमखास रंगतो: आरोग्यसेवा कॅनडाची बरी की अमेरिकेची? एक म्हणतो आमच्याकडे सगळं फुकट, दुसरा म्हणतो तुमच्याकडे नंबर लागेपर्यंत माणूस म्हातारा होतो. दोघांचंही थोडंथोडं बरोबर असतं. पण आजारी पडल्यावर तिथेही पहिला प्रश्न बांबोळीच्या खिडकीवरचाच असतो: तुम्ही इथले का, आणि तसा कागद कुठे आहे? ज्याचा कागद नीट, त्याचं दोन्ही देशांत बऱ्यापैकी निभतं. ज्याचा अर्धवट, त्याचे दोन्हीकडे हाल.

कॅनडात फुकट काय आणि किती

पहिली गोष्ट म्हणजे ‘कॅनडाची’ अशी एकच योजना नाही. १९८४ च्या कॅनडा हेल्थ ॲक्टने केंद्राने अटी घातल्या आणि पैशाचा वाटा दिला. योजना चालवतात ते दहा प्रांत आणि तीन टेरिटरी. सुरुवात सस्कॅचेवान प्रांताने केली, १९६२ मध्ये, आणि तीही डॉक्टरांच्या संपाला तोंड देत. आज या योजनेला ऑन्टारियोत (टोरंटोच्या प्रांतात) ओहिप म्हणतात, ब्रिटिश कोलंबियात एमएसपी, क्वेबेकमध्ये रॅमक्यू. प्रांत बदलला की कार्ड बदलतं.

कार्डावर मिळतं ते डॉक्टर आणि इस्पितळ. हृदयाची बायपास झाली तरी बिल येत नाही, हे खरंच. पण इस्पितळातून बाहेर पडून फार्मसीत गेलात की गोळ्यांचे पैसे तुमचे. दातांचे, चष्म्याचेही या कार्डावर बहुतांशी मिळत नाहीत. ऑन्टारियोत ६५ वर्षांवरच्यांना आणि खासगी विमा नसलेल्या २५ वर्षांखालच्यांना औषधांची सरकारी योजना आहे. मधल्या वयाच्या लोकांचं औषध बहुधा नोकरीतल्या विम्यावर चालतं. म्हणजे रक्तदाब, साखर आणि थायरॉइडच्या गोळ्या घेणारा पन्नाशीतला माणूस नोकरी गेली की कॅनडातही अडचणीत येतो. ॲम्ब्युलन्सला ऑन्टारियोत ४५ डॉलर पडतात, आणि नेण्याची गरज नव्हती असं डॉक्टरने ठरवलं तर २४०. आपल्याकडची १०८ फुकट येते, त्यामुळे ते बिल बघून लोक चकित होतात.

नवीन गेलेल्यांसाठी आणखी एक फरक. ऑन्टारियोने कार्डासाठीची तीन महिन्यांची प्रतीक्षा मार्च २०२० मध्ये काढून टाकली. ब्रिटिश कोलंबियात मात्र पोचलेल्या महिन्याचे उरलेले दिवस आणि पुढचे दोन महिने थांबावं लागतं. व्हँकुव्हरला ५ जूनला उतरलात तर कार्ड १ सप्टेंबरपासून. मधल्या काळासाठी खासगी पॉलिसी घेतली नाही आणि अपेंडिक्स फुटलं, तर इस्पितळात दिवसाला हजारो डॉलरचा हिशोब लागतो.

आता १५३ दिवसांची गोष्ट. गोव्यातल्या घरांना ही सगळ्यात जास्त लागू पडते, आणि सगळ्यात कमी लोकांना ती माहीत असते. ऑन्टारियोत ओहिप टिकवायचं तर कोणत्याही १२ महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात राहावं लागतं. नव्याने कार्ड घेतलेल्याला पहिल्या १८३ दिवसांपैकी १५३. मुलाने आईवडिलांना तिथे कायमचं बोलावून घेतलं की ते थंडीत गोव्यात येतात, आणि गोव्यातून निघायला त्यांचं मन होत नाही. १ ऑक्टोबरला निघाले, ३० एप्रिलपर्यंत राहिले. मोजा: ३१, ३०, ३१, ३१, २८, ३१, ३०. बेरीज २१२. वर्षाच्या ३६५ मधून २१२ गेले की उरतात बरोबर १५३. एक दिवसही हातात शिल्लक नाही. मग शिगमोत्सव झाला, मे महिन्यात पुतण्याचं लग्न निघालं, तिकीट पंधरा दिवस पुढे ढकललं, की कार्डाची अट मोडली. आणि ‘कोणत्याही १२ महिन्यांत’ याचा अर्थ जानेवारी ते डिसेंबर असा नाही. बारा महिन्यांची ही चौकट रोज एक दिवस पुढे सरकते. एप्रिलअखेर गोव्यातून निघालात आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीलाच परत आलात, तर गणित आधीच्या वर्षातूनच बिघडायला लागतं. म्हणून गोव्यात मोपा विमानतळावर उतरल्याचा आणि टोरंटोला पोचल्याचा दिवस वहीत लिहून ठेवायचा, बोर्डिंग पास फाडून टाकायचे नाहीत. पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क, टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस लागतात, तो हिशोब वेगळा. पीआर शाबूत आणि ओहिप गेलेलं, असं सहज होऊ शकतं.

रांगेचं म्हणाल तर ती आहेच. फ्रेझर इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीत फॅमिली डॉक्टरने पाठवल्यापासून प्रत्यक्ष उपचारापर्यंतचा मध्यक ३० आठवडे निघाला. ही संस्था खासगी क्षेत्राच्या बाजूची म्हणून ओळखली जाते, आणि आकडा डॉक्टरांना विचारून काढलेला असतो. तेव्हा तो जरा जपूनच घ्यावा. पण गुडघा, मोतीबिंदू, एमआरआय यांना महिने लागतात याबद्दल वाद नाही. तातडीच्या विभागात पाच पातळ्यांची क्रमवारी असते. पहिल्या पातळीच्या रुग्णाला, म्हणजे हृदय थांबलेल्याला, लगेच हात लागतो. दुसरीला १५ मिनिटं, तिसरीला ३०, चौथीला ६०, पाचवीला १२० हे उद्दिष्ट. पाय मुरगळलेला चौथ्या किंवा पाचव्या पातळीवर बसतो आणि त्याचे एक-दोन तास प्रत्यक्षात आठ होऊ शकतात. छातीत दुखतंय म्हणून आलेला त्याच्यासमोरून आत जातो. यावर चिडून उपयोग नाही, क्रम तसाच लावलेला आहे. किरकोळ दुखण्याला वॉक-इन क्लिनिक गाठावं, किंवा ऑन्टारियोत ८११ फिरवून नर्सशी बोलावं.

खरी अडचण आधीच्या पायरीवर आहे. विशेषज्ञाकडे जायला फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि लाखो लोकांना फॅमिली डॉक्टरच मिळत नाही. आपल्याकडे पोट दुखलं की माणूस थेट पणजीला पोटाच्या डॉक्टरकडे जाऊन बसतो. तिथे तसं चालत नाही. म्हणून कॅनडात पोचल्यावर पहिल्या आठवड्यात करायच्या कामांत बँक खात्याच्याही आधी फॅमिली डॉक्टरच्या यादीत नाव घालायचं, असं माझं मत आहे.

अमेरिकेचं बिल कसं वाचायचं

अमेरिकेत एक नाही, चार-पाच व्यवस्था शेजारी शेजारी नांदतात. ६५ वर्षांवरच्यांना मेडिकेअर, गरिबांना मेडिकेड (दोन्ही १९६५ ची), बहुतेकांना नोकरीतला विमा, उरलेल्यांना २०१० च्या कायद्याने आलेला, स्वतः विकत घ्यायचा बाजारातला विमा, आणि सुमारे ८ टक्के लोकांना काहीच नाही. खर्च देशाच्या उत्पन्नाच्या १७ टक्क्यांच्या वर, कॅनडाचा १२ टक्क्यांच्या आसपास. तरी आयुर्मान कॅनडात जास्त. हे आकडे वादात कॅनडावाल्यांच्या कामी येतात. पण ज्याच्याकडे चांगल्या कंपनीचा विमा आहे, त्याचा एमआरआय न्यू जर्सीत आठवड्यात होतो, हेही तितकंच खरं.

बिल कळायला पाच शब्द पक्के हवेत. प्रीमियम म्हणजे दरमहा भरायचा हप्ता. डिडक्टिबल म्हणजे वर्षाचा तो आकडा, जो संपेपर्यंत विमा कंपनी हात वर करते. को-पे म्हणजे प्रत्येक भेटीला ठरलेली रक्कम. को-इन्शुरन्स म्हणजे डिडक्टिबलनंतर बिलातला तुमचा टक्का. आणि आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम म्हणजे वर्षातली तुमची कमाल मर्यादा. बाजारातल्या विम्यात ही मर्यादा २०२५ साठी एका माणसाला ९,२०० डॉलर होती.

समजा इस्पितळाने ४०,००० डॉलर लावले. विमा कंपनीशी ठरलेला दर १८,०००. वरचे २२,००० हवेत विरतात, ते कुणीच देत नाही. तुमचं डिडक्टिबल ३,०००. उरले १५,०००, त्यावर तुमचे २० टक्के म्हणजे ३,०००. एकूण तुमच्या खिशातून ६,०००. पण इस्पितळ तुमच्या विम्याच्या जाळ्याबाहेरचं, म्हणजे कंपनीशी करार नसलेलं, असेल तर ठरलेला दर लागू नाही, आणि हवेत विरलेले २२,००० पुन्हा जमिनीवर येऊ शकतात. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नो सर्प्रायझेस कायद्याने तातडीच्या उपचारात हे थांबवलं. रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स मात्र त्या कायद्यातून सुटली, त्यामुळे तिचं बिल अजूनही घाम फोडतं.

विमा नसलेला माणूस तातडीच्या विभागात गेला तर त्याला हाकलत नाहीत. १९८६ च्या कायद्याने तपासणं आणि प्रकृती स्थिर करणं इस्पितळावर बंधनकारक आहे. पण तपासायचं म्हणजे फुकट तपासायचं, असं तो कायदा म्हणत नाही. बिल घरी येतं. आलं की घाईने क्रेडिट कार्डावर भरू नका, ही सगळ्यात मोठी चूक. आधी प्रत्येक गोष्टीचा वेगळा आकडा आणि कोड असलेलं तपशीलवार बिल मागायचं. न झालेल्या तपासण्या, दोनदा लावलेलं एकच सलाइन अशा चुका त्यात सापडतात. मग इस्पितळ ना-नफा तत्त्वावरचं आहे का बघायचं, अमेरिकेत पुष्कळ इस्पितळं तशी असतात. त्यांना उत्पन्नाप्रमाणे सवलतीचं धोरण ठेवावंच लागतं आणि घरी सोडल्यानंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत अर्ज घ्यावा लागतो. कार्डावर भरून मोकळं झालात की ते देणं इस्पितळाचं न राहता बँकेचं होतं, आणि बँक सवलत देत नाही.

आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळालं की मेडिकेअर मिळालं, असा समज गोव्यात फार आहे. तसं नाही. वय ६५ आणि सलग पाच वर्षं वास्तव्य झाल्यावर ते विकत घेता येतं. २०२५ च्या दराने इस्पितळाच्या भागाला महिन्याला ५१८ आणि डॉक्टरांच्या भागाला १८५, मिळून ७०३ डॉलर, प्रत्येकी. इस्पितळाचा भाग फुकट हवा तर ४० तिमाह्या काम करून कर भरलेला हवा, स्वतःचा किंवा जोडीदाराचा. मुलाने वीस वर्षं भरलेला कर आईवडिलांच्या खात्यात धरत नाहीत. आणि पाच वर्षं झाल्यावर नाव घालायला उशीर केला तर डॉक्टरांच्या भागाच्या हप्त्यावर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १० टक्के दंड बसतो. तो एकदा भरून सुटत नाही, पुढेही चालू राहतो.

पाहुणे म्हणून जाणाऱ्यांचं

गोव्यातून जास्त लोक जातात ते असेच, नातवंडं बघायला. पाहुण्याला ओहिप नाही, मेडिकेअरही नाही. असते ती फक्त पॉलिसी.

आईवडील आणि आजीआजोबांसाठीचा कॅनडाचा सुपर व्हिसा २०११ पासून आहे, आणि जुलै २०२२ पासून एका वेळी पाच वर्षं राहता येतं. त्याला किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, प्रवेशापासून निदान एक वर्ष चालणारा विमा लागतो. तो कॅनेडियन कंपनीचा असावा, किंवा जानेवारी २०२५ पासून कॅनडाच्या नियामकाने मान्यता दिलेल्या परदेशी कंपनीचा. म्हापशाच्या एजंटाने तिकिटाबरोबर दिलेली साधी प्रवास पॉलिसी त्यात बसत नाही. नुसतं कोटेशनही चालत नाही, पैसे भरल्याचा पुरावा हवा.

पॉलिसीत एकच कलम वाचायला वेळ असेल तर ‘स्टेबिलिटी’चं वाचा. आधीपासून असलेला आजार प्रवासाआधी ठरावीक दिवस, बहुधा ९०, १२० किंवा १८०, स्थिर असला तरच त्यावरचा दावा मंजूर होतो. इथे स्थिर म्हणजे तब्येत बरी वाटणं नव्हे. कागदावर बदल नसणं. आपल्याकडे काय होतं? निघायच्या पंधरा दिवस आधी मुलगा फोनवर सांगतो, ‘आई, एकदा सगळं चेकअप करून ये.’ डॉक्टर तपासतो, बीपी जरा वर दिसतं, गोळी पाचाची दहा करतो. झालं, स्थिरता संपली. डोस वाढला तरी बदल, बऱ्याच पॉलिसींत कमी झाला तरी बदल, नवी तपासणी सुचवून ठेवली असेल तर तेही. नंतर टोरंटोजवळच्या मिसिसागात छातीत दुखलं तर कंपनी गोव्यातली फाइल मागवते, आणि त्यात तो दहाचा आकडा बसलेला असतो. म्हणून चेकअप करायचा तो निघण्याच्या सहा-सात महिने आधी. गरज असताना औषध बदलू नका असं मी म्हणत नाही. बदललं तर तारीख पुढे ढकला, किंवा अशा आजाराला धरणारी महाग पॉलिसी घ्या.

अमेरिकेच्या पाहुण्यांच्या पॉलिसी दोन तऱ्हेच्या. एकीत प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम, म्हणजे इस्पितळातल्या दिवसाला इतके आणि शस्त्रक्रियेला इतके. ती स्वस्त असते आणि अमेरिकन बिलापुढे कुठल्या कुठे वाहून जाते. दुसरी टक्केवारीने भरते, तीच घ्यावी. जुन्या आजाराबद्दल तिच्यात ‘अक्यूट ऑनसेट’ असा शब्द असतो: अचानक, पूर्वसूचना न देता उद्भवलेलं, आणि सहसा २४ तासांच्या आत उपचार घेतलेलं. तीन दिवस अंगावर काढून गेलात तर ते अचानक राहत नाही. आपल्या माणसांना अंगावर काढायची खोड, त्यामुळे दावे इथेच फसतात.

आणि नायगाराची सहल. कॅनडात आलेले आईवडील धबधब्याची दुसरी बाजू बघायला अमेरिकेतल्या बफेलोला जातातच. सुपर व्हिसाच्या पुष्कळ पॉलिसी अमेरिकेतली छोटी सहल धरतात, पण सहल कॅनडातून सुरू होऊन कॅनडातच संपली पाहिजे आणि दिवसांची मर्यादा पाळली पाहिजे. जाताना मोपाहून थेट न्यू जर्सीला लेकीकडे महिनाभर आणि मग टोरंटोला, असा बेत असेल तर तो महिना पॉलिसीबाहेर. त्याची वेगळी काढा.

इन्सुलिन, दोन देश आणि तीन मापं

साखरेचा आजार असलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचं मिळतं आणि त्याची लाल टोपीची सिरिंज असते. कॅनडा आणि अमेरिकेत बाटली १०० युनिटची. बाटली संपली, तिथली नवी आणली, पण सिरिंज गोव्याहून नेलेली लाल टोपीचीच वापरली. २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर आत येतं अर्धा मिलिलिटर, म्हणजे नव्या बाटलीतले ५० युनिट. अडीचपट. माणूस बेशुद्ध पडतो. उलटं केलंत, तिथली सिरिंज आणि इथली बाटली, तर २० च्या खुणेला ८ च युनिट जातात आणि साखर चढत राहते. बाटली आणि सिरिंज नेहमी एकाच मापाची ठेवा. पेनचं काडतूस आपल्याकडेही १०० चंच असतं, म्हणून प्रवासासाठी डॉक्टरला विचारून आधीच पेनवर गेलेलं बरं.

साखरेचा आकडाही बदलतो. भारत आणि अमेरिका एका मापात मोजतात, कॅनडा दुसऱ्या. कॅनडाच्या आकड्याला १८ ने गुणा: ७ म्हणजे १२६, ९ म्हणजे १६२. कॅनडात ‘साखर ९’ ऐकून किती कमी म्हणून गोड खायला देणारी माणसं निघतात. मूत्रपिंडाच्या तपासणीतल्या क्रिएटिनिनचं उलटं. कॅनडाचा ९७ चा रिपोर्ट फोंड्याला व्हॉट्सॲपवर पोचला की घरात रडारड. ८८.४ ने भागा, १.१ येतो.

औषधांचे नगही पाहून न्या. तीन महिन्यांपुरती औषधं, मूळ पाकिटात, डॉक्टरच्या टाइप केलेल्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन होतं. दम्याचं सालब्युटामॉल कॅनडात तेच राहतं, अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होतं. दुखण्यावरचं निमेसुलाइड दोन्ही देशांत मान्य नाही, ते घरीच ठेवा. झोपेच्या आणि कोडीनच्या औषधांना चिठ्ठीशिवाय हात लावू नका. भारतातली चिठ्ठी तिथल्या फार्मसीत सहसा चालत नाही.

इन्सुलिनची आणखी एक वाट या सीमेवरून जाते. ते सापडलं टोरंटोत, १९२१ साली, आणि त्याचं पेटंट संशोधकांनी विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. शंभर वर्षांनी अमेरिकेतले रुग्ण तेच विकत घ्यायला गाड्या करून कॅनडात जात होते. २०१९ मध्ये सिनेटर बर्नी सँडर्स अशाच एका गटाबरोबर अमेरिकेतल्या डेट्रॉइटहून ऑन्टारियोतल्या विंडसरला गेले होते. कारण दोन: कॅनडात पेटंट असलेल्या औषधांच्या किमतीवर १९८७ पासून मंडळाची नजर आहे, आणि तिथे इन्सुलिनला चिठ्ठी लागत नाही, फार्मासिस्टकडे मागितलं की देतो. आता मेडिकेअरवाल्यांना महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा २०२३ पासून मिळाली आणि कंपन्यांनीही दर उतरवले. तरी अमेरिकेत विमा नसलेल्याने हा पर्याय माहीत असू द्यावा. बाहेरून औषध आणणं अमेरिकन कायद्यात बसत नाही, पण स्वतःपुरतं तीन महिन्यांचं आणणाऱ्याकडे अधिकारी सहसा काणाडोळा करतात.

सीमा ओलांडून उपचार

विंडसर आणि डेट्रॉइटमध्ये फक्त नदी. विंडसरच्या नर्स रोज बोगद्यातून डेट्रॉइटच्या इस्पितळांत कामाला जातात. पण ओहिपचं कार्ड पलीकडे नेलंत तर इस्पितळात, अगदी अतिदक्षता विभागातही, दिवसाला जास्तीत जास्त ४०० कॅनेडियन डॉलर मिळतात, साध्या खाटेला २००, बाहेरच्या बाहेर तपासून सोडलं तर ५०. डेट्रॉइटच्या एका दिवसाच्या बिलापुढे हे म्हणजे दर्यांत खसखस. शनिवारी सामान आणायला बफेलोला जाणाऱ्यांनीसुद्धा वर्षाची प्रवास पॉलिसी घ्यावी, ती फार महाग नसते.

मेडिकेअरचा नियम याहून गमतीचा. ते परदेशात सहसा पैसे देत नाही, पण कॅनडासाठी खिडकी उघडी ठेवली आहे: तुम्ही अलास्का आणि दुसऱ्या अमेरिकी राज्याच्या मध्ये सरळ रस्त्याने, न रेंगाळता चालला असाल आणि तातडी आली, तर जवळचं कॅनेडियन इस्पितळ चालतं. वाटेत चार दिवस बँफला डोंगर बघत बसलात तर नाही.

सरकारच रुग्णाला पलीकडे पाठवतं तेव्हा गोष्ट वेगळी. रेडिएशनच्या रांगा वाढल्यावर ब्रिटिश कोलंबियाने मे २०२३ पासून स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांना वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमला पाठवायला सुरुवात केली, प्रवास आणि राहणं सरकारी खर्चाने. ऑन्टारियोत एकट्या रुग्णालाही पूर्ण खर्च मिळू शकतो, पण क्रम चुकवायचा नाही. अर्ज ऑन्टारियोतला डॉक्टर करतो, रुग्ण नाही. उपचार प्रायोगिक नसावा. तो प्रांतात होत नाही, किंवा उशीर झाला तर मृत्यू किंवा भरून न येणारी हानी होईल, हे दाखवावं लागतं. आणि लेखी मंजुरी निघण्याआधी हातात हवी. आधी उपचार आणि मग अर्ज, असे अर्ज पडतात. नकार आला तर दाद मागायला वेगळं मंडळ आहे. आपल्या गोवा मेडिक्लेम या सरकारी योजनेचं वळण जवळपास हेच: हा उपचार गोमेकॉत होत नाही असा दाखला आधी, मुंबई-बंगळूर नंतर.

काही जण स्वतःच्या पैशाने बफेलोत एमआरआय करून येतात, कारण ऑन्टारियोत कार्डावरच्या सेवेसाठी डॉक्टरला वेगळे पैसे घेता येत नाहीत. लक्षात ठेवायचं ते हे की त्यामुळे एकच रांग वाचते. सर्जन सीडी बघतो, पण शस्त्रक्रियेच्या रांगेत तुमचा नंबर तिथेच.

गोव्यात येऊन करून घेणारे

दात, मोतीबिंदू, गुडघे: ही तीन कामं दोन्ही देशांतली मंडळी सुट्टीत गोव्यात उरकतात. उरकतात हा शब्दच घोटाळ्याचा. दाताचं इम्प्लांट चवथीच्या तीन आठवड्यांत होत नाही. स्क्रू बसवल्यावर हाड धरायला तीन ते सहा महिने जातात, मग टोपी. चवथ आणि पुढचा शिगमोत्सव अशा दोन फेऱ्या धरा, आणि स्क्रूची कंपनी, माप, लॉट नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या. ते नसेल तर तिकडचा दंतवैद्य त्याला हात लावत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, लांबचं विमान सहसा सहा आठवड्यांनंतरच, तेही सर्जनला विचारून. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत गॅस भरला असेल तर तो विरेपर्यंत विमान वर्ज्य. हवेचा दाब उतरला की गॅस फुगतो आणि दृष्टी जाऊ शकते. हे न विचारता परतीचं तिकीट काढून ठेवणारे असतात.

खर्चाचं म्हणाल तर ठरवून केलेल्या अशा उपचाराला ओहिप काही देत नाही, बहुतेक अमेरिकन विमेही नाहीत. कॅनडात मात्र कराच्या विवरणात परदेशातला वैद्यकीय खर्च धरता येतो: निव्वळ उत्पन्नाच्या ३ टक्के किंवा ठरावीक रक्कम (२०२४ साठी २,७५९ डॉलर), यातलं जे कमी, त्याच्या वरचा भाग. त्यासाठी कच्ची पावती कामाची नाही. छापील, क्रमांक असलेली, डॉक्टरच्या नोंदणी क्रमांकासह हवी. सोबत इंग्रजीतला डिस्चार्ज सारांश, स्कॅनची सीडी, आणि गाठ काढली असेल तर पॅथॉलॉजीचे ब्लॉक आणि स्लाइड. नुसता रिपोर्ट पाहून तिकडचा कर्करोगतज्ज्ञ उपचार सुरू करत नाही.

शेवटचं, खास गोव्याचं. जुन्या पोर्तुगीज नोंदींत नाईक, कामत, शेट यांची स्पेलिंगं वेगळी, आधारवर वेगळी, पासपोर्टवर आणखी वेगळी. इस्पितळात भरती करताना नोंदणीवरची मुलगी तोंडी विचारून जे सुचेल ते टाइप करते, आणि तेच नाव बिलावर, सारांशावर, सीडीवर जातं. तिकडचा दावे तपासणारा ते पासपोर्टशी जुळवतो आणि दोन वेगळी माणसं समजून फाइल बाजूला ठेवतो. घरी सोडताना नाव बदलून मागितलं तर प्रतिज्ञापत्र आणा म्हणतात. म्हणून खिडकीवर तोंडी नाव सांगू नका, पासपोर्ट पुढे करा, आणि केस पेपर हातात आला की तिथेच उभं राहून एकेक अक्षर ताडून बघा.